हुजूर की मजूर? स्विंडनमधल्या एका मताचा घोळ

तळकोकणी | ३ डिसेंबर २०१९, रात्री ११.१०

मंडळी, पुढच्या गुरुवारी, १२ तारखेला ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायचंय आणि माझं अजून काही ठरत नाही. इथे विलायतेतले बरेच जण लिहितात म्हणून विचारते. पुण्यामुंबईच्यांनीही सांगा. फक्त "तुला काय करायच्यात त्यांच्या निवडणुका" हे नको, ते आईने फोनवर सांगून झालंय.

मी मूळची सावंतवाडीची. २०११पासून स्विंडनमध्ये आहे. पॅडिंग्टनहून गाडीने तासभर. एका गोल चक्राभोवती पाच छोटी चक्रं असलेला तो कुप्रसिद्ध चौक आहे ना, तेच गाव. त्या चौकातून न रडता गाडी काढायला मला आठ महिने लागले. इस्पितळात रेडिओग्राफर आहे, म्हणजे एक्स-रे आणि सीटी. नवरा आयटीत. मुलगी नऊ वर्षांची, तिच्या शाळेत मतदान केंद्र असल्यामुळे नाताळच्या नाटकाची तालीम पुढे गेली म्हणून सध्या ती सगळ्याच पक्षांवर नाराज आहे.

२०१५ला आणि २०१७ला मी डोळे मिटून मजूर पक्षाला मत दिलं. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, पगार खायचा आणि हुजूर पक्षाला मत द्यायचं हे मला जमत नाही, इतकाच विचार होता. युरोपीय संघात राहायचं की निघायचं (म्हणजे ब्रेग्झिट) या २०१६च्या सार्वमतात मी "राहा"वर फुली मारली आणि नवऱ्याने "निघा"वर. त्याच्या धाकट्या भावाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. "युरोपातला माणूस तिकीट काढून येतो, माझा इंजिनियर भाऊ रांगेत," हे त्याचं पालुपद. आता हुजूर पक्षाचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन व्हिसासाठी ऑस्ट्रेलियासारखी गुणांची पद्धत आणतो म्हणतोय, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. होंडाचा कारखाना २०२१मध्ये बंद होणार, साडेतीन हजार नोकऱ्या जाणार, हे मी काढलं की तो म्हणतो, होंडाने स्वतःच सांगितलंय की कारण ब्रेग्झिट नाही. ते सांगितलंय हे खरंच. यावर आमचा तह झालाय: जेवताना होंडा नाही.

खरा घोळ शेजारच्या घरात आहे. आमच्या शेजारी फिलूबाय राहते (नाव बदललंय), बार्देशची. स्विंडनमध्ये गोंयकार खूप, बहुतेक सगळे पोर्तुगीज पासपोर्टवर. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. फिलूचे वडील ४८ सालचे. तिने पासपोर्ट घेतला, भारताचा गेला, २०१६मध्ये नवऱ्यामागून इथे आली. पोर्तुगाल तिने जन्मात पाहिलेलं नाही. तिची कोकणी आणि माझी मालवणी कुंपणावरून छान जमते. नवरा होंडाला माल पुरवणाऱ्या एका ठिकाणी कामाला.

आता गंमत बघा. ब्रेग्झिटने जिचं आयुष्य टांगणीला लागलंय त्या फिलूला मत नाही, कारण ती युरोपियन. मला आहे, कारण मी भारतीय. तिने पासपोर्ट बदलला नसता तर तिलाही असतं! परवा कुंपणावर म्हणाली, "म्हाका मत ना गो. तूं घाल म्हज्या वांट्याचें." तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घोळतंय. माझं मत मी हवं तिथे टाकीन, पण तिच्या वाट्याचं उगाच वाया कसं घालवू?

बरं, मजूर पक्षाला द्यायचं तर त्यांचा नेता कॉर्बिन, त्याचं ब्रेग्झिटवर नक्की म्हणणं काय हे त्याला तरी माहीत आहे का? सहा महिन्यांत पुन्हा सार्वमत घेणार आणि स्वतः तटस्थ राहणार म्हणे. घर पेटलंय आणि कर्ता पुरुष तटस्थ! ज्यूद्वेषाच्या तक्रारींवरून पक्षाची मानवाधिकार आयोगाकडून चौकशी चालू आहे ती वेगळीच. माझ्या विभागातली एक सीनियर ज्यू आहे, आयुष्यभर मजूरवाली. ती मला कँटीनमध्ये म्हणाली, "यंदा माझा हात वळणार नाही." हे पेपरात वाचणं वेगळं आणि रोज जिच्यासोबत ड्युटी करतो तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

लिबडेम (लिबरल डेमोक्रॅट पक्ष) थेट ब्रेग्झिट रद्दच करू म्हणतात. मनाला पटतं, पण साउथ स्विंडनमध्ये २०१७ला त्यांना जेमतेम चार टक्के मतं होती. इथे सामना दोघांतच. हुजूर पक्षाचे रॉबर्ट बकलंड, सध्याचे न्यायमंत्री, गेल्या वेळी २,४६४ मतांनी आले. मजूर पक्षाच्या सॅरा चर्च, माजी लष्करी अधिकारी, पुन्हा उभ्या आहेत. ब्रेग्झिट पार्टीने हुजूरांच्या ३१७ जागांवर उमेदवारच दिले नाहीत, तेव्हा तिकडची मतं फुटायची आशाही नाही. आणि कहर म्हणजे बकलंड २०१६ला "राहा"वाले होते!

तर, मनाला पटतं त्याला द्यावं, की नाक दाबून जिंकू शकेल त्याला?

---

नारायणपेठी | ४ डिसेंबर, सकाळी ७.४२

बाळबोध शंका. भारतीय पासपोर्टवर तिथे मतदान?? आम्हाला इथे पत्ता बदलला तर यादीत नाव सापडत नाही.

---

तळकोकणी | ४ डिसेंबर, दुपारी १.०५

हो. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना संसदेचंही मत असतं. आयरिश लोकांनाही. युरोपातले बाकीचे फक्त स्थानिक निवडणुकांत मत देतात. सायप्रस आणि माल्टावाले मात्र दोन्हीकडून जावई, युरोपातही आणि राष्ट्रकुलातही. आपले आजोबा-पणजोबा इंग्रजांची प्रजा होते त्याचं हे उरलंसुरलं व्याज. आणि केंद्रावर ओळखपत्रसुद्धा मागत नाहीत. नाव-पत्ता सांगा, कागद घ्या, पेन्सिलीने फुली मारा. पहिल्यांदा मी आपलं बोट पुढे करून उभी होते, शाईसाठी.

---

हॅरोकर | ४ डिसेंबर, रात्री ९.३०

ताई, यात घोळ कसला? मजूर पक्षाने सप्टेंबरच्या अधिवेशनात काश्मीरवर काय ठराव केला ते वाचा. आंतरराष्ट्रीय निरीक्षक पाठवा, स्वयंनिर्णय द्या. १५ ऑगस्टला मी बायकामुलांना घेऊन लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयासमोर झेंडावंदनाला गेलो होतो. आमच्या अंगावर अंडी आणि बाटल्या आल्या. माझा सात वर्षांचा मुलगा विचारत होता, आपण काय केलं? तीन सप्टेंबरला पुन्हा काचा फोडल्या. त्यानंतर तीन आठवड्यांत हा ठराव. मी १९९७पासून मजूर पक्षाला मत देत आलो, या वेळी नाही.

शिवाय २०१२मध्ये बंद झालेला, शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरी करू देणारा व्हिसा पुन्हा आणायची घोषणा जॉन्सनच्याच सरकारने केली. आपल्या मुलांना त्याचा फायदा. आणि तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर ते मेसेज आले असतीलच.

---

तळकोकणी | ४ डिसेंबर, रात्री १०.१५

आले ना. दिवसाला अकरा. त्यातले चार "प्रत्येक हिंदूने वाचावे" असे. १५ ऑगस्टचं वाचून खरंच वाईट वाटलं, मुलाच्या अंगावर बाटली आली तर मीही भडकले असते. पण काश्मीर हा भारत-पाकिस्तानने सोडवायचा प्रश्न, आम्ही बाजू घेणार नाही, असं पत्र मजूर पक्षाने नोव्हेंबरात काढलं. ते पत्र मात्र ग्रुपवर एकानेही टाकलं नाही. आणि मला सांगा, स्विंडनच्या खासदाराने काश्मीरचं काय करायचं? त्याने आधी आमच्या सीटीच्या रांगेचं बघावं.

---

हॅरोकर | ४ डिसेंबर, रात्री १०.४०

पत्र निवडणूक आल्यावर निघालं, ठराव आधी झाला. कुठलं मनापासून होतं ते तुम्हीच ठरवा.

---

एडिंबराचा_अमोघ | ५ डिसेंबर, दुपारी ४.२०

हॅरोकर, व्हिसाच्या आनंदात जाहीरनामा पुढे वाचायचा राहिला वाटतं. व्हिसावाल्यांचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ४०० पौंड आहे तो ६२५ करू म्हणतात. मी, बायको, दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा: आज ४,८०० भरले, पुढच्या वेळी ७,५००. एकरकमी, आगाऊ. आणि पगारातून कर कापला जातो तो आहेच.

बाकी मी काही सल्ला देण्याच्या लायक नाही. आमच्याकडे प्रश्नच वेगळा असतो, कोणीही काहीही बोललं की शेवटी गाडी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर येते.

---

तळकोकणी | ५ डिसेंबर, रात्री ८.५०

अमोघ, हे अगदी माझ्या दारातलं. केरळहून आलेली आमची नवी रेडिओग्राफर हाच अधिभार भरते. म्हणजे ज्या मशीनवर ती लोकांचे फोटो काढते, त्या मशीनखाली कधी स्वतः झोपावं लागलं तर त्याचे पैसे तिने आधीच वेगळे भरलेत.

---

डॉक्टरकाका | ६ डिसेंबर, सकाळी ६.१५

तळकोकणीताई, तुमचा धागा काल रात्री वाचला, झोप लागेना म्हणून पहाटे लिहितो आहे. मी मिरजेला शिकलो, ऑगस्ट १९७३मध्ये इकडे आलो आणि मँचेस्टरजवळच्या ली या गावात जन्म काढला. आता निवृत्त.

माझं पहिलं मत फेब्रुवारी १९७४चं. कोळसा खाणकामगारांचा झगडा, वीज वाचवायची म्हणून कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालू. पंतप्रधान हीथ विचारत होते, या देशावर राज्य कोणाचं? लोकांनी उत्तर असं दिलं की कोणालाच बहुमत नाही! तेव्हाही वाटलं होतं की देश दुभंगला. वॉर्डातल्या सिस्टरने मला सांगितलं, "डॉक्टर, तुमचंही नाव यादीत आहे," तेव्हा मी तुमच्या नारायणपेठींसारखाच चकित झालो होतो.

आमचं ली १९२२पासून मजूर पक्षाचं. माझ्या दवाखान्यात येणारे निम्मे पुरुष खाणीतले. ८४-८५च्या संपात त्यांनी वर्षभर काय खाल्लं ते त्यांच्या बायकांच्या हिमोग्लोबिनवरून मला कळायचं. शेवटी बिकरशॉची खाण १९९२मध्ये बंद झाली. रेल्वे स्टेशन तर मी येण्याआधीच, १९६९मध्ये, गेलं होतं. एवढं मोठं गाव, पण आजही स्टेशन नाही. तुमच्याकडे निदान पॅडिंग्टनची गाडी थांबते.

हीच माणसं, ज्यांच्या घरात थॅचरचं नाव घेतलं तरी शिवी ठरलेली, ती या वेळी हुजूरांना मत देणार आहेत. मला कोण काय सांगतं यावरून म्हणतो आहे, पाहणीबिहणी काही नाही. हे अडाणी नाहीत. "आम्ही जाणारच कुठे, असं धरून चालले होते ना? आता बघा," हा त्यांचा सूर. तो मला समजतो. मी स्वतः मजूर पक्षालाच देणार, पण या वेळी पहिल्यांदाच ते मी कोणाला सांगत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोघांतच सामना असलेल्या मतदारसंघात मन आणि हिशेब वेगळे ठेवता येत नाहीत. तिसऱ्याला दिलेलं मत वाईट नसतं, पण ते देऊन आपण बाहेरच्या खोलीत बसतो, निकाल आतल्या खोलीत लागतो. नेता आवडत नसेल तर नेता बदलतो, मी इथे नऊ-दहा नेते पाहिले. खासदाराने कुठल्या बाजूला हात वर करायचा एवढंच बघा.

आणि एक शंका. तुमच्या फिलूबायचं मत कोणाला पडलं असतं हे तुम्ही इतकं ठामपणे गृहीत धरलंत. तिला विचारलंत का?

---

तळकोकणी | ८ डिसेंबर, रात्री ९.४०

डॉक्टरकाका, तुम्ही माझी पंचाईत केलीत.

आज दुपारी फिलूकडे गेले. नाताळाच्या नेवऱ्या चालल्या होत्या, मलाही मुरड घालायला बसवलं. माझी मुरड तिला पसंत पडत नाही, आमची करंजीची आणि त्यांची नेवरीची मुरड म्हणे वेगळी. पाच-सहा झाल्यावर मी विचारलं, "तुका मत आसतां तर कोणाक घातलं असतंस?"

तिने मान वर न करता सांगितलं, "बोरिसाक."

मी लाटणं खाली ठेवलं. अगो, तोच तर तुम्हाला बाहेर काढायला निघालाय! त्यावर ती म्हणाली, काढायचं त्याला काढू दे, पण "एकदांचें सोंपय गो तें." म्हणजे संपव एकदाचं.

मग सगळं बाहेर आलं. २९ मार्चला ब्रेग्झिट होणार म्हणून तिने जानेवारीपासून कागद जमवले. ते १२ एप्रिलवर गेलं. मग ३१ ऑक्टोबर. आता ३१ जानेवारी. प्रत्येक तारखेला हिच्या पोटात गोळा, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याच्या कामावर कोणीतरी हसत विचारणार, "अजून इथेच?" वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज फोनवरच्या अ‍ॅपमधून करायचा, ते आधी आयफोनवर चालायचं नाही, म्हणून हिने भाच्याचा फोन दोन दिवस मागून आणला. पाच वर्षं पुरी नाहीत म्हणून तात्पुरता परवाना मिळाला. पण मिळाला. पुन्हा सार्वमत, पुन्हा तारखा, पुन्हा ती पोटातली भीती, हे तिला नको आहे. बोरिस खोटं बोलतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या भाषेत सांगायचं तर किती दिवस सुतक पाळायचं, असं तिचं म्हणणं.

आणि दबक्या आवाजात आणखी एक: "आतां आनीक लोक येवंक नाकात." आम्ही आत आलो, आता दार लोटा! हे ऐकून मला माझ्या नवऱ्याची आठवण झाली. दोघांना एकत्र बसवलं तर मस्त जमेल.

म्हणजे "बिचारीला मत नाही, मी तिच्या वतीने देते" असं मी आठवडाभर जे मनातल्या मनात मिरवत होते, त्यातली फिलू मीच बनवलेली होती. आता तिच्या वाट्याचं मत तिच्या मनासारखं घालायचं तर मला हुजूर पक्षाला द्यावं लागेल.

नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की मुलगी खाली आली. वर म्हणतो, आपण दोघांनी घरीच बसायचा करार करू, नाहीतरी माझं मत तुझं मत खाणार. मी म्हटलं करार मान्य, पण गुरुवारी दिवसभर तू माझ्या नजरेसमोर राहायचं. त्याला म्हणे त्या दिवशी "ऑफिसात जावंच लागेल".

---

हॅरोकर | ८ डिसेंबर, रात्री १०.०२

फिलूबायला माझा नमस्कार सांगा. तुमच्या धाग्यावर एकटीच शहाणी. 😀

---

नारायणपेठी | ९ डिसेंबर, सकाळी ७.३०

अवांतर: नेवरीच्या मुरडीत नक्की फरक काय? पाककृती विभागात टाकाल का.

---

तळकोकणी | १२ डिसेंबर, रात्री १०.३५

दिलं एकदाचं. ड्युटी संपवून संध्याकाळी साडेसहाला गेले. पाऊस, अंधार, शाळेच्या भिंतीला नाटकातल्या मेंढ्यांचे कागदी मुखवटे. डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक यापूर्वी १९२३मध्ये झाली होती म्हणतात. हा महिना पुन्हा का नाही निवडला ते चिखलातून जाताना कळलं.

मजूर पक्षाला दिलं. नाक दाबून, हो. केरळच्या त्या मुलीचे ६२५ पौंड आणि सीटीची रांग, या दोन गोष्टी मला स्वतःला माहीत आहेत. काश्मीर, कॉर्बिन, बोरिस हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळतं. जे मला माहीत आहे त्यावर दिलं.

दुपारी विभागातल्या त्या सीनियरला आधीच सांगून टाकलं होतं, मागाहून कळायला नको म्हणून. ती म्हणाली, "ठीक आहे." आणि पुढच्या आठवड्याच्या ड्युट्यांचं बोलायला लागली. तिने स्वतः कोणाला दिलं ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. डॉक्टरकाका, तुमचा हिशेब मला पटला, पण त्या "ठीक आहे"चं काय करायचं ते त्यात नव्हतं.

घरी येताना फिलूच्या दारावर थांबले. म्हटलं, तुझ्या वाट्याचं नाही घातलं गो, माझ्याच वाट्याचं घातलं. तिने डबा हातात ठेवला आणि म्हणाली, "तुज्या मतान कितें जातलें? जिंकतलो तोच."

आता टीव्हीवर एक्झिट पोल आलाय. हुजूर ३६८, मजूर १९१. नवरा शहाण्यासारखा गप्प बसलाय. डब्यातल्या माझ्या नेवऱ्या कुठल्या ते लांबूनही ओळखू येतंय.

---

डॉक्टरकाका | १३ डिसेंबर, सकाळी ९.२०

ली गेलं. सत्त्याण्णव वर्षांनी. दोन हजारांच्या आतच फरक, पण गेलं. रात्रभर जागा होतो.

सकाळी पेपर आणायला बाहेर पडलो तर दुकानाच्या दारात माझा एक जुना पेशंट उभा. बिकरशॉला बावीस वर्षं होता. मला बघून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही रागावलात का?" मी विचारलं, खोकला कसा आहे. म्हणाला, रात्री वाढतो. मग आम्ही तिथेच उभे राहून इन्हेलरचं बोललो.